कुर्लीचे दोन फोटो

हंस तारकासमूहातला व्हेल (Veil) नेब्युला, म्हणजे एका जुन्या ताऱ्याच्या स्फोटाचा पसरलेला पदर, मध्यरात्री माथ्यावर येतो तो जुलै-ऑगस्टात. तेव्हा गोव्यात आभाळ कुठलं दिसायला? म्हणून आपल्याकडच्या हौशी फोटोवाल्यांची सगळी भिस्त वृषभ राशीतल्या क्रॅब नेब्युलावर. डिसेंबर-जानेवारीत तो जवळजवळ डोक्यावर असतो. क्रॅब म्हणजे खेकडा; गोव्यात त्याला सरळ कुर्ली म्हणावं.

ही कुर्लीही ताऱ्याच्या स्फोटातूनच जन्मली, ४ जुलै १०५४ रोजी, निदान पृथ्वीवर तेव्हा दिसली. चिनी ज्योतिषांच्या नोंदीप्रमाणे हा ‘पाहुणा तारा’ २३ दिवस भरदिवसा दिसत होता. गोव्यात कदंबांचं राज्य होतं आणि भर पावसाळा. कुणी पाहिला असलाच तर उघडिपीत.

१७३१ मध्ये इंग्लंडच्या जॉन बेव्हिसला तिथे धूसर ठिपका दिसला, १७५८ मध्ये फ्रान्सच्या मेसिएने तो आपल्या यादीत पहिला घातला. आयर्लंडच्या लॉर्ड रॉसने १८४०च्या दशकात दुर्बिणीतून बघून चित्र काढलं, त्यात पाय फुटले आणि नाव चिकटलं. १८९२ मध्ये आयझॅक रॉबर्ट्सने पहिला फोटो घेतला. त्यात पाय नव्हतेच! नाव मात्र राहिलं.

खरी गंमत पुढची. खगोलशास्त्रज्ञ जॉन डंकनने १९०९ आणि १९२१ च्या फोटोंच्या काचा शेजारी ठेवल्या, तर नेब्युलातले वायूचे तंतू बाहेर सरकलेले. १९२८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने त्या वेगावरून वय काढलं, सुमारे ९०० वर्षं, आणि १०५४ चा पाहुणा तारा तो हाच असं सुचवलं. पुढे मापं बारीक झाली तसा हिशेब चुकायला लागला: वेग उलटा मोजत गेलं की स्फोट बाराव्या शतकात येतो. कारण मधला पल्सार, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला, सेकंदाला तीस गिरक्या घेणारा गाभा, आतून ढकलत असतो आणि पसरण्याचा वेग वाढवतो. तो सापडला १९६८ मध्ये.

दोन फोटो ताडून पाहायचा हाच खेळ आज गोव्यातल्या नेत्रावळीच्या काळोखात बसूनही करता येतो. दहा वर्षांत कडेचे तंतू दीड-दोन विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात. एच-अल्फा, म्हणजे हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा आत सोडणारा फिल्टर लावून कित्येक तासांच्या फ्रेम्स एकावर एक रचायच्या, रात्री दोनला भिंगावर दव धरलं की हेअर ड्रायर फिरवायचा. आणि मूळ फ्रेम्स तारखेसकट ठेवायच्या, नुसता रंगवलेला फोटो नाही.