हिवताप परजीवीच्या पृष्ठप्रथिनांना बांधणारी पेप्टाइडे

प्लास्मोडियम परजीवीच्या पृष्ठभागावरील एखाद्या प्रथिनाला नेमकेपणाने चिकटणाऱ्या, बहुधा ७ ते २० ॲमिनो अम्लांच्या साखळ्या. परजीवीच्याच प्रथिनांतून घेतलेली, तांबड्या पेशींना चिकटणारी पेप्टाइडे याहून वेगळी. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

शोधासाठी मुख्यतः फाज-प्रदर्शन पद्धत वापरतात. जिवाणुभक्षी विषाणूच्या आवरणप्रथिनाला यादृच्छिक पेप्टाइड जोडून अब्जावधी प्रकारांचा संग्रह तयार करतात, तो लक्ष्य-प्रथिनावर सोडतात, न चिकटलेले धुऊन टाकतात आणि उरलेले वाढवून हीच फेरी तीन-चारदा करतात. कल्पनेचे श्रेय सामान्यतः जॉर्ज स्मिथ (१९८५) यांना देतात. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. यादृच्छिक संग्रहांचे श्रेय मात्र एकट्याचे नाही: १९९० मध्ये तीन गटांनी ते जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध केले, त्यांपैकी एक स्मिथ यांचा. फेऱ्यांतून निघालेले सगळेच पेप्टाइड खरे नसते. काही लक्ष्य-प्रथिन ज्यावर बसवतात त्या प्लास्टिकलाच चिकटतात, काही केवळ विषाणूच्या वाढीत पुढे जातात.

सर्वाधिक अभ्यासलेले लक्ष्य म्हणजे एएमए-१ (एपिकल मेम्ब्रेन अँटिजेन-१) हे परजीवीचे प्रथिन. याला पृष्ठप्रथिन म्हणणे थोडे सैलच, कारण ते मेरोझोइटच्या (तांबड्या पेशींत शिरणाऱ्या परजीवी-रूपाच्या) सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते आणि आक्रमणाच्या सुमारास बाहेर येते. त्याच्या बाह्य भागातील आठ डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध तुटले तर घडण बिघडते. अशा प्रथिनावर केलेली निवड व्यर्थ. २००५ च्या सुमारास वर्णिलेले २० ॲमिनो अम्लांचे आर-१ पेप्टाइड प्ला. फाल्सिपेरम या मानवी हिवतापाच्या परजीवीच्या ३डी७ वाणाच्या एएमए-१ ला चिकटून तांबड्या पेशींतील प्रवेश रोखते, पण इतर काही वाणांवर निष्प्रभ ठरते. आक्रमणावेळी एएमए-१ ज्याला चिकटते तो जोडीदार म्हणजे परजीवीचेच आरओएन-२ हे प्रथिन असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्यानंतरच्या स्फटिक-रचनेत (२०१२) आर-१ हे आरओएन-२ ज्यात बसते त्याच जलद्वेषी खाचेत बसलेले आढळले. जोडीदार माहीत नसताना आंधळ्या निवडीने त्याची जागा दाखवली, हे या पद्धतीचे बहुधा सर्वांत सबळ समर्थन.

एएमए-१ अत्यावश्यक आहे का, यावर मतभेद आहेत. २०१३ मध्ये ते नसलेले प्ला. बर्घेई (उंदरांतील हिवतापाचे) परजीवीही आक्रमण करतात असे दाखवण्यात आले. फाल्सिपेरमवरील २०१४ चे काम त्याविरुद्ध जाते. मानवी हिवतापापुरता दुसरा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो.

रक्तातील प्रथिनभंजक विकरे साधी पेप्टाइडे लवकर तोडतात. म्हणून अधिक टिकणारी वलयाकार रूपे तयार करतात.