गंधक नसलेले गंधककण

2022 मध्ये लम्पीने जळगाव-धुळ्याकडचे गोठे हादरवले. तेव्हापासून गुराच्या अंगावर कुठेही गाठ दिसली की खान्देशात तिला लम्पीच म्हणतात. पण बैलाच्या जबड्यावर हाडाला धरून वाढणारी, दगडासारखी गाठ वेगळी. लम्पी विषाणूचा रोग. ही गाठ अ‍ॅक्टिनोमायसिस बोव्हिस या जिवाणूची. चरताना काटा तोंडात रुतला की जिवाणू आत शिरतो.

माणसाला अशीच गाठ आणणारा रोग, अ‍ॅक्टिनोमायकोसिस, गोठ्यातून येत नाही. त्याचा मुख्य जिवाणू, अ‍ॅक्टिनोमायसिस इस्राएली, आपल्याच हिरड्यांच्या कडेला राहतो आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. 1877 मध्ये गुरांतल्या जिवाणूला अ‍ॅक्टिनोमायसिस नाव ठेवताना त्याला बुरशी समजले होते. बुरशीची औषधे या जिवाणूंवर चालत नाहीत.

तोंडाच्या शाबूत अस्तरातून इस्राएली आत जाऊ शकत नाही. किडलेली दाढ किंवा उपटलेल्या दाढेचा खड्डा मिळाला की जातो. त्याला प्राणवायू नको असतो; सोबतचे जिवाणू तो संपवून देतात. मग त्याचे फांद्या फुटलेले तंतू एकमेकांत गुंततात, त्यावर कॅल्शियम फॉस्फेट बसते आणि मोहरीहून बारीक पिवळा कण तयार होतो. रंगावरून नाव पडले गंधककण, गंधक औषधालाही नाही! कणाभोवती पू, पुवाभोवती रक्तपुरवठा तुटपुंजा असलेला लाकडासारखा कडक थर. गाठ स्नायू, हाड काही न पाहता सरकते आणि कातडीला छिद्रे पाडते. म्हणून ती कधी टीबी वाटते, कधी कॅन्सर.

छिद्रावर रात्रभर गॉज ठेवला तर सकाळी त्यावर कण सापडतात. कण दोन काचपट्ट्यांत चिरडून जिवाणू ओळखायचा ग्रॅम रंग दिला की जांभळे तंतू दिसतात. कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू प्लेटवर वाढवून पाहायला, पू हवा काढलेल्या बंद सिरिंजमध्ये पाठवावा. वाढ दिसायला दोन आठवडेही लागतात, त्यामुळे फॉर्मवर शंका लिहिली नाही तर प्लेट आधीच फेकली जाते. अँटिबायोटिक आधी सुरू झाले असेल, तर बहुधा काहीच उगवत नाही.

दाढदुखीवर हमखास मिळणारे मेट्रोनिडॅझोल इथे कुचकामी, पेनिसिलिन लागते. आजार पसरलेला असेल तर रोज 1.8 ते 2.4 कोटी युनिट शिरेतून, 2 ते 6 आठवडे. पुढे अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या 6 ते 12 महिने. जबड्यापुरत्या सौम्य आजारात कमी दिवस पुरतात. कडक थर ओलांडून औषध कणापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून सूज उतरताच गोळ्या सोडणाऱ्याची गाठ परत येते. बिब्बा लावून किंवा डाग देऊन फक्त कातडी भाजते, कण आत तसाच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बाईला मात्र ते नको.