पार्श्वभूमी: ‘किती वॅटचा एसएमपीएस?’ या प्रश्नाचा बदलत गेलेला अर्थ

म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या दुकानात गेमिंगसाठी डेस्कटॉप जुळवायला बसले की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तासभर चर्चा होते आणि पॉवर सप्लायच्या, म्हणजे आपल्या रूढ शब्दात एसएमपीएसच्या, वाट्याला शेवटची दोन मिनिटे येतात. त्या दोन मिनिटांत एकच प्रश्न विचारला जातो: किती वॅटचा? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वॅटचा आकडा तोच राहिला, तरी तो आकडा कशाची बेरीज आहे हे काळाबरोबर बदलत गेले आहे.

माझ्या डिचोलीच्या घरी कॅबिनेटसोबत आलेला एक जुना एसएमपीएस अजून जपून ठेवलेला आहे. त्याच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट असे छापले आहे. खालच्या बारीक तक्त्यात मात्र ३.३ व्होल्टपुढे २८ अँपियर, ५ व्होल्टपुढे ३० अँपियर आणि १२ व्होल्टपुढे अवघे १५ अँपियर दिसतात. बाराला पंधराने गुणले की १८० वॅट येतात, आणि आजचा प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या वाहिनीवरूनच, म्हणजे त्या व्होल्टेजच्या तारांच्या गटावरूनच, घेतात. म्हणजे खेळासाठी उपयोगी पडणारी वीज छापील आकड्याच्या निम्मीही नव्हती. एखादा उत्पादक असा सप्लाय मुळात का बनवतो, याचे उत्तर इतिहासात आहे.

एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. घरातली वीज आधी एकदिश करायची, तिचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडायचे आणि मग लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून हवे ते व्होल्टेज मिळवायचे, ही त्याची रीत. जुन्या पद्धतीच्या सप्लायला ५० हर्ट्झवर चालणारा जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर लागे आणि बरीच वीज उष्णतेत वाया जाई. १९७७ च्या अ‍ॅपल टू संगणकासाठी रॉड होल्ट यांनी ही नवी रीत वापरली, आणि पंख्याशिवाय चालणारा आटोपशीर संगणक त्यामुळे शक्य झाला. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॅटचा होता आणि आयबीएमच्याच १९८३ च्या एक्सटी संगणकाचा १३० वॅटचा. त्या काळात सगळ्या चिप्स ५ व्होल्टवर चालत, तर १२ व्होल्ट मुख्यतः डिस्क ड्राइव्हच्या मोटारींसाठी असत. त्यामुळे बहुतेक क्षमता ५ व्होल्टवर ठेवणे हाच शहाणपणा होता. माझ्या जुन्या एसएमपीएसची रचना त्याच शहाणपणाची उरलेली सावली आहे.

एटी या जुन्या पद्धतीच्या सप्लायमधून मदरबोर्डाकडे, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीकडे, दोन जोडण्या जात. त्या बसवताना काळ्या वायरींना काळ्या वायरी लागल्या पाहिजेत, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा पाठ असे, कारण उलट लावल्यास मदरबोर्ड जळण्याची भीती होती. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले आणि त्या दोन जोडण्यांच्या जागी उलटी बसूच न शकणारी २० पिनांची एक जोडणी आली. सोबत ३.३ व्होल्टची वाहिनी आली आणि संगणक बंद असतानाही जागी राहणारी ५ व्होल्टची स्टँडबाय वाहिनीही आली. या शेवटच्या बदलाकडे गोव्यात विशेष लक्ष द्यायला हवे. एटी संगणकाचे बटण मुख्य वीजच तोडत असे, एटीएक्सचे बटण मात्र मदरबोर्डाला केवळ सूचना देते. शटडाऊन करूनही एसएमपीएस विजेला जोडलेलाच राहतो, आणि मे अखेरीस किंवा ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लग उपसून ठेवण्याची आपल्या घरांतली सवय पूर्णपणे योग्य ठरते.

पुढचे वळण सर्वांत महत्त्वाचे. प्रोसेसरची भूक वाढत गेली, पण त्याला हवे असलेले व्होल्टेज उतरत दीड व्होल्टच्या आसपास आले. इतक्या कमी व्होल्टेजची वीज लांबून आणणे परवडत नाही. १०० वॅट ५ व्होल्टने न्यायचे तर २० अँपियर लागतात, १२ व्होल्टने जेमतेम साडेआठ, आणि तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून वीज १२ व्होल्टने आणून प्रोसेसरच्या शेजारीच उतरवून घ्यायची, असे ठरले. २००० मध्ये पेंटियम ४ च्या सुमारास एटीएक्स१२व्ही मानकाने त्यासाठी चार पिनांची वेगळी जोडणी दिली. २००३ च्या दुसऱ्या आवृत्तीने मुख्य जोडणी २४ पिनांची केली आणि सप्लायचा भार स्पष्टपणे १२ व्होल्टकडे वळवला. याच शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत गोवा सरकारच्या सायबरएज योजनेमुळे उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले, आणि आमच्यासारख्या गावांतल्या अनेकांनी कॅबिनेट पहिल्यांदा उघडून पाहिले ते याच काळात. बाजारात मात्र जुन्या रचनेचे स्वस्त एसएमपीएस कॅबिनेटसोबत पुढेही कित्येक वर्षे येत राहिले.

ग्राफिक्स कार्डांचीही हीच वाटचाल झाली. २००० सालच्या व्हूडू५ ५५०० ला हार्ड डिस्कची जोडणी लावावी लागे, तर २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रोला फ्लॉपीची. ही उसनवारी पीसीआय एक्सप्रेस या कार्ड बसवण्याच्या नव्या मानकाने थांबवली: स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि पुढे आठ पिनांतून १५० वॅट, असा हिशेब ठरला. माझ्या त्या ४५० वॅटच्या सप्लायला सहा पिनांची जोडणीच नव्हती. दुकानदाराने डिस्कच्या दोन वायरींतून ती करून देणारा अडॅप्टर दिला. कार्ड आणि प्रोसेसर मिळून सव्वादोनशे वॅटच्या पुढे जात होते आणि वाहिनी १८० ची होती. खेळ सुरू झाला की दहाव्या मिनिटाला संगणक बंद पडे. एका जुलैत तो जळका वास सोडून कायमचा थांबला. उघडून पाहिले तेव्हा वीज क्षणभर साठवणाऱ्या दोन कपॅसिटरांची डोकी फुगून वर आली होती आणि त्यांच्या फटींतून तपकिरी थर ओघळून सुकला होता.

फुगलेले कपॅसिटर हा तसा जुनाच आजार आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष इलेक्ट्रोलाइट (आतले द्रव) भरलेल्या कपॅसिटरांनी जगभर मदरबोर्ड आणि सप्लाय निकामी केले. त्यानंतर चांगले उत्पादक कपॅसिटर किती तापमान सोसतात हे अभिमानाने छापू लागले. आपल्याकडे हा आकडा शोभेपुरता नाही. मे महिन्यात बंद खोलीत, टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये हवा किती तापते हे प्रत्येकाने हात लावून पाहिलेले आहे. २००४ मध्ये सुरू झालेले ८० प्लस प्रमाणपत्र कार्यक्षमतेसाठी उपयुक्त आहे. ५०० वॅटचा भार ९० टक्के कार्यक्षमतेने दिला तर ५६ वॅट उष्णता होते आणि ७५ टक्क्यांनी दिला तर १६७, हा फरक खोलीतही जाणवतो. परंतु ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते, आणि सप्लायमधील संरक्षक मंडले किती भरवशाची आहेत हे ती तपासत नाही. म्हणून केवळ ‘गोल्ड’ ही त्या प्रमाणपत्राची श्रेणी वाचून थांबू नये. पूर्ण क्षमता ४० किंवा ५० अंशांवर सलग मिळेल असे उत्पादकाने लिहिले आहे का, हेही पाहावे.

भिंतीकडच्या बाजूलाही इतिहास आहे. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० लिहिलेला लाल खटका असे. आपल्या २३० व्होल्टवर तो चुकून ११५ कडे सरकलेला असला, तर संगणक लावताक्षणी स्फोटासारखा आवाज होऊन सप्लाय संपे. २००१ पासून युरोपने विद्युतप्रवाहातील विकृतीवर मर्यादा घातल्या, त्यातून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा) सुधारणारी मंडले रुळली, आणि १०० ते २४० व्होल्ट आपोआप स्वीकारणारे सप्लाय आले. त्यामुळे चतुर्थीत गावभर रोषणाई लागून व्होल्टेज उतरले तरी चांगला सप्लाय डगमगत नाही. उलट दिशेचा धोका मात्र कायम आहे. माडाची झावळी किंवा फांदी तारांवर पडून न्यूट्रल तुटला, तर घरातले व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकते, आणि तेवढे सोसेल असा घरगुती एसएमपीएस नसतो. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर वीज परत येताना संगणकाचे प्लग काढून ठेवणारे शहाणे ठरले. जादा व्होल्टेजला वीज तोडणारे साधन आणि नीट अर्थिंग यांचा खर्च एसएमपीएसच्या खर्चातच धरावा. चिऱ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून ओला ठेवण्याची जुनी काळजी अजूनही लागू आहे.

अलीकडचा बदल क्षणिक उसळ्यांचा आहे. २०२० नंतरची ग्राफिक्स कार्डे काही क्षणांसाठी नेमून दिलेल्या वॅटांच्या खूप पुढे जातात, आणि सरासरी भार कमी असूनही सप्लायचे संरक्षण त्याला बंद करते. २०२२ च्या एटीएक्स ३.० ने मोठ्या सप्लायना १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार पेलण्याची अट घातली आणि ६०० वॅटपर्यंत नेणारी नवी बारीक जोडणी आणली. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपियर, सहा पिनांत वाटून प्रत्येकी आठाहून जास्त. जोडणी पूर्ण बसली नाही तर ती वितळते, हे त्याच वर्षी आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाच्या वेळी दिसले. २०२३ च्या ३.१ आवृत्तीत सूचना देणाऱ्या पिना आखूड केल्या, जेणेकरून अर्धवट बसलेल्या जोडणीतून वीज सुरूच होऊ नये.

हा सगळा प्रवास ध्यानात घेतला की निवडीचा हिशेब सरळ होतो. आरटीएक्स ४०७० सारखे २०० वॅटचे कार्ड आणि शंभरेक वॅट घेणारा प्रोसेसर असेल, तर बाकीचे भाग धरून साडेतीनशे वॅट होतात. तरीही कार्डाची कंपनी ६५० वॅट सुचवते, कारण तिला उसळ्या आणि ग्राहकाच्या अनोळखी सप्लायची कमजोरी दोन्ही गृहीत धरावी लागतात. चांगल्या ६५० वॅटच्या सप्लायच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे ५४ अँपियरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे जवळपास सगळी क्षमता त्या एका वाहिनीवर. शेवटी यूपीएस पाहावा. वीज गेल्यावर एसएमपीएस १५-२० मिलिसेकंदच तग धरतो. तेवढ्यात यूपीएसने भार उचलायचा असतो, आणि घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपियरचा) यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. खेळ ऐन रंगात असताना वीज गेली, तर साडेतीनशे वॅटांच्या या संगणकाला, एसएमपीएसमध्ये उष्णतेत जाणारी वीज धरली की, तो अपुराच पडेल.