बायपासनंतरचा ‘विकनेस’: पायांचा वेगळा, हृदयाचा वेगळा

बायपास होऊन माणूस घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘विकनेस कसा आहे?’ गोव्यात फोंड्यात काय नि डिचोलीत काय, हा शब्द आता मराठीच झाला आहे. अडचण अशी की त्याच्या पोटात दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे ऑपरेशनने आणि पडून राहण्याने सुटलेलं अंग. दुसरी म्हणजे पंप म्हणून हृदयच कमी पडणं. दोन्हींत ओटीवरून तुळशीपर्यंत जाताना दम लागतो, दोन्हींत पायाला सूज दिसते, दोन्हींत माणूस ‘आज नको’ म्हणतो. उपाय मात्र उलटे. पहिल्याला चालवायचं, दुसऱ्याला थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. घरोघरी नेमकी अदलाबदल होते. ज्याला चालवायचं त्याला ‘पडून राहा, बाबा’ म्हणतात आणि ज्याची धाप रात्रीगणिक वाढते आहे त्याला ‘चाललात की बरं वाटेल’ म्हणून ढकलतात.

आधी पायांचं बघू, कारण बहुतेकांचा विकनेस तोच असतो. ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून तारांनी बांधलेलं असतं. बहुधा एका पायाच्या आतल्या बाजूने शीर काढलेली असते. रक्त गेल्यामुळे घरी येताना हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या घरात असणं नवलाचं नाही, आणि ते भरून यायला काही आठवडे जातात. तोंडाला चव नसते, झोप तुटक असते. त्यात पडून राहणं. 2007 साली निरोगी ज्येष्ठ माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून मोजमाप झालं होतं, तेव्हा त्यांच्या पायांमधून जवळपास एक किलो मांस गेलं होतं. त्यांचं ऑपरेशनही झालं नव्हतं.

हे मांस सगळ्यात आधी मांड्यांतून जातं, म्हणून खरी परीक्षा चालताना होत नाही, खुर्चीतून उठताना होते. एरवी आपण हातांनी रेटा देऊन उठतो आणि मांड्यांची कमजोरी झाकली जाते. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत हातांवर भार द्यायचा नसतो, तेव्हा ती उघडी पडते. छातीशी उशी कवटाळून, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊन, पुढे झुकत उठायचं. पहिल्या दिवसांत बसायला उंच खुर्ची द्यावी. जुन्या घरातली ऐसपैस आरामखुर्ची या कामाची नाही, तिच्यात माणूस रुततो. पायांच्या विकनेसची मोठी खूण अशी की आधी मांड्या-पोटऱ्या भरून येतात आणि दम मागून लागतो. थांबलं की पाच-दहा मिनिटांत श्वास जागेवर येतो. आणि आठवड्याच्या हिशेबाने बघितलं तर अंतर वाढत असतं, मधे एखादा दिवस खराब गेला तरी.

आता हृदयाचा. ‘बायपास झाली म्हणजे हृदय नवं झालं’ हा समज इथे नडतो. बायपासने बंद नळीला पर्यायी वाट मिळते, स्नायूला रक्त पोचतं. पण आधीच्या झटक्यात जो स्नायू मेला त्याची जागा व्रणाने घेतलेली असते, तो भाग परत आकुंचन पावत नाही. उपाशी पण जिवंत राहिलेला भाग सुधारतो, तोही सावकाश, काही महिन्यांत. म्हणून बायपास उत्तम झाली आणि पंप कमकुवत राहिला, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबाबत खरी असू शकतात. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावर ‘पंपिंग’चा आकडा असतो, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं. साधारण 55 टक्क्यांच्या वर म्हणजे ठीक, 40 च्या खाली म्हणजे कमजोर. हा आकडा घरातल्या एकाला तरी पाठ हवा. तो चांगला आहे म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. वर्षानुवर्षं बीपी आणि मधुमेह असलेल्या वयस्क माणसाचं हृदय पिळतं चांगलं, पण ताठर झाल्यामुळे सैलावून भरत नाही, आणि पाणी तरीही साचतं.

पाणी साचणं हेच दोघांना वेगळं करणारं वर्म आहे. ते चार ठिकाणी दिसतं.

पहिलं, वजनकाट्यावर. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, कडक लादीवर काटा ठेवून वजन घ्यायचं (चटईवर ठेवलेला काटा खोटं बोलतो) आणि कॅलेंडरवर लिहायचं. पायांच्या विकनेसमध्ये जेवण कमी असल्याने वजन उतरतं किंवा तिथेच राहतं. जेवण कमी आणि वजन मात्र चढतंय, हे गणित फक्त पाण्याने जुळतं. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

दुसरं, उशीखाली. छाती दुखते म्हणून पुष्कळ जण दोन-तीन उशा लावून निजतात, तेव्हा नुसत्या उशा मोजून कळत नाही. विचारायचं ते असं: ‘उशी काढली तर दुखतं की श्वास कोंडतो?’ कूस बदलताना कळ येत असेल तर ती हाडाची. आडवं होताच खोकल्याची ढास लागत असेल, किंवा झोप लागून तास-दोन तासांनी धडपडत उठून खिडकीशी जावं लागत असेल, तर ती हृदयाची. पायांच्या विकनेसला निजल्यावर बरं वाटतं. हृदयाच्या विकनेसला बसल्यावर.

तिसरं, नडगीवर. अंगठ्याने नडगीचं हाड दहा सेकंद दाबून सोडायचं. खळगा तसाच राहिला तर पाणी. पण कोणत्या पायात? ज्या पायाची शीर काढली तो एकटा पाय संध्याकाळी सुजणं आणि रात्री उंचावर ठेवल्यावर सकाळी ओसरणं हे अपेक्षित आहे, काही आठवडे चालतं, कधी महिनेही. त्याच पायाच्या घोट्याजवळ बधिरपणा किंवा मुंग्या असतात. तिथली बारीक संवेदनेची नस शिरेला लागूनच जाते, म्हणून. त्याने लोक फार घाबरतात, पण चालण्याला त्याचा अडथळा नाही. दोन्ही पायांत खळगे आणि काट्यावर वजन, तर हृदय. आणि एकच पाय ताठ, गरम, पोटरी दाबल्यावर दुखरी, तर दोन्हींपैकी काहीच नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं. चोळायचं मुळीच नाही.

चौथं, चालण्याच्या आलेखात. पाय सुधारत जातात. गेल्या आठवड्यात पंधरा मिनिटं आरामात चालणारा माणूस या आठवड्यात आठ मिनिटांत थांबत असेल, तर त्याला विकनेस म्हणू नये, अंतर घटण्याला कारण असतं. मात्र ते कारण दर वेळी पंपच असतो असंही नव्हे. डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी जमणं बायपासनंतर नेहमीचं, आणि त्याने दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दम वाढू शकतो. ठोके अनियमित होणंही तितकंच नेहमीचं. ते बहुधा इस्पितळातच, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतं, पण घरी आल्यावरही पुन्हा सुरू होऊ शकतं. मनगटावर बोट ठेवून ठोके एका लयीत पडतात का, एवढं घरच्या माणसालाही कळतं.

नाडी किती वेगाने पडते यावर मात्र फार विसंबू नका. बायपासनंतर बहुतेकांना मेटोप्रोलोलसारखी ठोके आवरणारी गोळी असते, तिच्यामुळे कितीही दमलं तरी आकडा दबलेलाच राहतो. ‘220 वजा वय’ हे जिममधलं सूत्र इथे निरुपयोगी. त्यापेक्षा तोंडाला विचारा: चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग बरोबर. फिजिओ यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची, किती श्रम जाणवतात ते सांगणारी 6 ते 20 ची मोजपट्टी वापरतात आणि 11 ते 13 च्या दरम्यान ठेवतात, म्हणजे ‘सोपं’ आणि ‘थोडं जड’ यांच्या मधे.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पायांच्या विकनेसचा कार्यक्रम साधा आहे. घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, सपाटीवर. रोज एक-दोन मिनिटं वाढवायची. सहाव्या आठवड्याच्या आसपास सलग तीस मिनिटं जमायला हवीत. जेवण झाल्यावर पहिला तासभर चालणं टाळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग मोडून आलं असेल तर काल जास्त झालं, आज कमी, सुट्टी नाही. आठवड्यातून एकदा मोजायचं असेल तर इस्पितळातली सहा मिनिटांची चाचणी आठवा. ती तीस मीटरच्या सरळ पट्ट्यात घेतात. घरी ओटीवर दहा मीटर मोजून खडूने दोन रेघा माराव्यात आणि सहा मिनिटांत किती फेऱ्या होतात ते लिहावं. धावपळ नको, थांबलं तरी चालतं, घड्याळ चालू ठेवायचं.

गोव्यात जागा निवडणं हे वेगळंच प्रकरण आहे. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर फिरायला जायचं असेल तर बाहेरच्या फरसबंदीवरून जा. कोरड्या वाळूत त्याच वेगाने चालायला दुपटीहून जास्त शक्ती लागते, आणि मग धाप लागली की ‘हृदय बिघडलं’ म्हणून घबराट. आल्तिनोच्या टेकडीचा चढ सहा आठवड्यांनंतर बघू. जून ते सप्टेंबर अंगणातल्या जांभ्यावर शेवाळ धरतं. घसरून तोल सावरायला हात टेकला तर सगळा झटका त्या न जुळलेल्या हाडावर. तेव्हा पावसात ओटी बरी, किंवा देवळाचा सभामंडप, पण तिथली ओली लादीही सांभाळून. हाड पुरतं जुळायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर विहिरीचा राट (रहाट) ओढणं, भरलेली बादली, स्कूटर स्टँडवर चढवणं बंद, आणि उचलायचं ते पाच किलोंच्या आतच. श्वास घेताना किंवा वळताना हाडात ‘कट्’ असं जाणवलं तर सर्जनना दाखवायचं.

आणि पेज. अशक्त माणसाला उकड्या तांदळाची पेज द्यावी हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. पेजेला दोष नाही, दोष ताटलीत तिच्या शेजारी येणाऱ्या गोष्टींना: खारातली तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी), भाजलेलं सुकं म्हणजे सुकी मासळी, लोणच्याची फोड. दिवसभराचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या खाऱ्या मासळीचा एक तुकडा त्यातला मोठा वाटा एकदमच उचलतो. पायांचा विकनेस असलेला माणूस हे निभावून नेतो. हृदयाचा असलेल्याच्या वजनकाट्यावर ते दुसऱ्या दिवशी दिसतं, आणि घरचे म्हणतात, ‘पेज मानवली, अंग धरलं.’ अंग धरायला हवं असेल तर पेजेबरोबर अंड्याचा पांढरा भाग, ताज्या बांगड्याचं कमी मिठाचं हुमण (आमटी) किंवा मूगगाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी) द्या. मांस बनायला प्रथिनं लागतात, नुसत्या पिष्टाने ते बनत नाही.

बसल्या जागी धाप, छातीत पिळल्यासारखं दुखणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधार, गुलाबी फेसाळ थुंकी: यांपैकी काहीही झालं तर चालण्याचा विषय संपला, 108 ला फोन. गाडी येईपर्यंत लोक माणसाला आडवं करून पाय वर करतात, चक्कर आलेल्याला ते ठीक आहे. धाप लागलेल्याला मात्र ताठ बसवा, पाय पलंगाखाली सोडा, पाठीशी उशा लावा, आणि डिस्चार्जचा कागद व गोळ्यांची पिशवी दाराशी काढून ठेवा.