टीयूईचा अर्ज : आजार खरा, औषध खरे, तरी कागद परत का येतो?

अमेरिकेतील बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाच्या ख्रिस डेव्हिसने २०१३ च्या हंगामात ५३ होम रन (एकाच फटक्यावर मैदानाची पूर्ण फेरी) मारले आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, अ‍ॅम्फेटामिन सापडल्यामुळे त्याच्यावर २५ सामन्यांची बंदी आली. औषध होते अ‍ॅडरॉल, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावर, एडीएचडीवर, अमेरिकेत सर्रास दिली जाणारी गोळी. ती घेण्याची परवानगी आपल्याकडे पूर्वी होती, या वर्षी मात्र नव्हती, असे त्याने स्वतःच निवेदनात सांगितले. पुढे २०१५ च्या हंगामासाठी त्याला त्याच विकारावरच्या दुसऱ्या औषधाची रीतसर परवानगी मिळाली. मधल्या काळात त्याचा आजार बदलला नव्हता. कागद नव्हता एवढेच.

या परवानगीला टीयूई (थेराप्युटिक यूज एक्झेम्प्शन) म्हणतात. निषिद्ध यादीतले औषध उपचारासाठी घेण्याची ही मर्यादित सवलत असते. गेली काही वर्षे मी बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना हे अर्ज भरण्यासाठी मदत करतो आहे, आणि परत आलेल्या अर्जांचा गठ्ठा चाळल्यावर एवढे नक्की म्हणता येईल की त्यांतला क्वचितच एखादा अर्जदार लबाड होता. बहुतेकांचे अर्ज एका गहाळ अहवालामुळे, चुकीच्या तारखेमुळे किंवा डॉक्टरांच्या दोन ओळींच्या चिठ्ठीमुळे परत आले.

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल जागतिक उत्तेजकविरोधी संहितेबाहेर, मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील कराराने चालते. तेथे बंदी येते आणि पगार बुडतो, पण आकडे पुसले जात नाहीत. उत्तेजकांच्या आरोपांत अडकलेल्या बॅरी बॉन्ड्सचे एका हंगामातील ७३ आणि कारकिर्दीतील ७६२ होम रन आजही नोंदीत पहिल्या स्थानावर आहेत. मार्क मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याची कबुली २०१० मध्ये दिली, तरी त्याचे १९९८ चे ७० होम रन पुस्तकात तसेच आहेत, आणि त्यांना काय किंमत द्यायची यावर तेथील लोक अजून भांडत आहेत. आपल्याकडे या भांडणाला जागाच नाही. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, संहितेनुसार आणि तिच्याशी बांधलेल्या नाडाच्या, म्हणजे भारताच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांनुसार स्पर्धेत घेतलेला चाचणीचा नमुना दोषी ठरला की त्या स्पर्धेतील वैयक्तिक निकाल रद्द होतो आणि पदक व बक्षीस त्याच्याबरोबर जाते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी जे प्रमाणपत्र लागते, ते अशाच निकालावर उभे असते, हे पालकांनी विसरू नये.

अर्जाची गरज आहे का?

पहिली गफलत येथेच होते. दम्यासाठी सालब्युटामॉलचा पंप वापरणाऱ्या खेळाडूला २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम या मर्यादेत टीयूई लागत नाही. त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइड मलमालाही लागत नाही. तरीही असे अर्ज येतात, अर्ज तपासणाऱ्या डॉक्टरांच्या समितीचा वेळ खातात आणि खेळाडूला उगाच घोर लावतात. याउलट तेच सालब्युटामॉल गोळीतून किंवा सिरपमधून पोटात गेले तर ते निषिद्ध आहे, आणि नेब्युलायझरमधून दिलेला डोस वरील मर्यादा सहज ओलांडतो.

खोकल्याच्या सिरपबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण आपल्याकडे कोणत्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मागून घेतल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत टर्ब्युटालिन हे निषिद्ध द्रव्य असते. मुंबईच्या पृथ्वी शॉचा नमुना २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूर येथे सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान घेण्यात आला आणि त्यात हेच द्रव्य सापडले. त्याने ते अनवधानाने घेतले, हे बीसीसीआयने मान्य केले आणि तरीही त्याला आठ महिन्यांचे निलंबन भोगावे लागले. साध्या खोकल्यासाठी टीयूई मागण्यात मात्र अर्थ नाही. चालणारी दुसरी औषधे उपलब्ध असल्याने तो नाकारलाच जाईल, सिरप बदलावे.

दुसरी आपल्याकडची खास सवय म्हणजे अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून घेणे. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे ही निषिद्ध पद्धत आहे, मग बाटलीत नुसते मीठपाणी का असेना. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासण्या यांच्या ओघात ते वैध कारणाने दिले गेले तरच सूट आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ‘जरा ताकद यावी’ म्हणून लावलेली ५०० मिलिलिटरची बाटली त्यात बसत नाही.

औषधाचे नाव नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ या सेवेवर तपासता येते. निषिद्ध यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, त्यामुळे गेल्या वर्षी पाहिले होते हे उत्तर पुरेसे नाही.

अर्ज कोणाकडे करावा?

राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने नाडाकडे आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने आपल्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे अर्ज करावा. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलसाठी तो महासंघ एकच आहे. नाडाने दिलेली टीयूई देशाबाहेरच्या स्पर्धेत आपोआप चालत नाही, ती महासंघाकडून मान्य करून घ्यावी लागते. एकाच औषधासाठी दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज टाकू नयेत. कोरा अर्ज नाडाच्या संकेतस्थळावर मिळतो. आपला भाग खेळाडूने भरून सही करावी, तो अल्पवयीन असल्यास पालकांचीही सही घ्यावी, आणि उरलेला भाग डॉक्टरांनी भरावा.

जो कागद कोणाकडेच नसतो

समितीला आजाराचा पुरावा हवा असतो. ‘सदर रुग्ण माझ्या उपचाराखाली असून त्यास हे औषध आवश्यक आहे’ हे वाक्य लेटरहेडवर, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह लिहिलेले असले तरी तो पुरावा नव्हे. आजार कधी सुरू झाला, कोणत्या तपासण्या झाल्या, त्यांत काय आढळले, यादीबाहेरची कोणती औषधे देऊन पाहिली आणि ती का चालली नाहीत, हे सगळे क्रमाने लिहिलेले पत्र लागते आणि त्यासोबत मूळ अहवालांच्या वाचता येतील अशा प्रती लागतात. पर्यायी औषधांबद्दलचा भाग डॉक्टर हमखास गाळतात, कारण रोजच्या ओपीडीत तो प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

आपल्याकडची खरी अडचण केसपेपरची आहे. एका पिचरच्या (बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) खांद्यात राष्ट्रीय स्पर्धेच्या आठ दिवस आधी एका खासगी दवाखान्यात इंजेक्शन दिले गेले. केसपेपरवर तारीख होती, खाली ‘इंजे. खांदा’ असे दोन शब्द आणि एक रेघ होती, आणि अँप्यूल केव्हाच कचऱ्यात गेली होती. औषधाचे नाव नसल्याने अर्ज परत आला. आम्ही दोघे पुन्हा दवाखान्यात गेलो, तेव्हा कंपाउंडरने स्टॉक रजिस्टर काढून त्या तारखेच्या ओळीवर बोट ठेवले : ट्रायमसिनोलोन, ४० मिलिग्रॅम, म्हणजे स्टेरॉइड. हे नाव पहिल्याच दिवशी कागदावर असते तर अर्ज वेळेत पूर्ण झाला असता. पिचरने अखेर संघातून नाव मागे घेतले. म्हणून सांगतो, इंजेक्शन टोचण्याआधी औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि टोचण्याची जागा लिहून मागावी. डॉक्टर थोडे वैतागतील, वैतागू द्यावेत.

आजारानुसार पुराव्याची मागणी बदलते. दम्याच्या निषिद्ध औषधांसाठी स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, लागते आणि तीही औषध देण्यापूर्वीची व नंतरची, दोन्ही. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही खेळाडूचे काम त्या मानाने सोपे असते, कारण त्याच्याकडे एचबीएवनसी या रक्तशर्करेच्या तपासणीच्या अहवालांची जाडजूड फाइल आधीच असते. सर्वांत अवघड एडीएचडीचे. मनोविकारतज्ज्ञांचे सविस्तर मूल्यमापन तर हवेच, शिवाय ही लक्षणे बालपणापासून, बारा वर्षांच्या आतली, आहेत हे दाखवावे लागते. वीस वर्षांच्या खेळाडूकडे चौथीचे प्रगतिपुस्तक असण्याची शक्यता किती, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी स्वतःला विचारला असावा असे वाटत नाही. ते पुस्तक सापडलेच, आणि त्यात वर्गशिक्षिकेने ‘हुशार आहे, पण एका जागी बसत नाही’ असे लिहिलेले असले, तर ते जपावे आणि अर्जाला जोडावे.

ही कडक मागणी आकाशातून पडलेली नाही. मेजर लीगमध्ये अ‍ॅम्फेटामिनवर बंदी आल्यानंतर २००६ मध्ये एडीएचडीच्या औषधांसाठी २८ खेळाडूंना सवलत मिळाली होती. २००७ मध्ये ती संख्या १०३ झाली. एका वर्षात एवढ्या प्रौढ माणसांना बालपणीचा विकार कसा जडला, असा प्रश्न अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत निघाला, तो रास्तच होता. त्याची किंमत मात्र आज खऱ्या रुग्णाला कागद गोळा करत मोजावी लागते.

समिती काय पाहते

डॉक्टरांची समिती चार गोष्टी तपासते : निदान पुराव्यानिशी झालेले आहे का; औषधामुळे खेळाडू आपल्या नेहमीच्या निरोगी स्थितीच्या पलीकडे जाणार नाही ना; हाच मान्य उपचार असून दुसरा वाजवी पर्याय नाही ना; आणि ही गरज पूर्वी परवानगीविना घेतलेल्या निषिद्ध द्रव्यातून तर उद्‌भवलेली नाही ना. शेवटची अट अनेकांना कळतच नाही. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते, आणि मग ते पुन्हा सुरू करण्यासाठी एचसीजी हे निषिद्ध संप्रेरक दिले जाते. मेजर लीगमधील मॅनी रामिरेझवर २००९ मध्ये ५० सामन्यांची बंदी आली तिच्यामागे एचसीजीच होते. आपल्याला डॉक्टरांनी औषध दिले होते, असे त्याचे म्हणणे होते. पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिममध्ये कोणी टोचलेल्या ‘कोर्स’नंतर टेस्टोस्टेरॉन कमी भरले म्हणून टीयूई मागणाऱ्या मुलांनी यावरून काय ते ओळखावे.

दिवस मोजताना होणाऱ्या चुका

अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करावा. निर्णय साधारण २१ दिवसांत येतो, पण हे दिवस अर्ज पोचल्यापासून नव्हे, तर परिपूर्ण अर्ज पोचल्यापासून मोजले जातात. एक अहवाल राहिला म्हणून अर्ज परत आला की मोजणी नव्याने सुरू होते, आणि हे समजेपर्यंत संघ रेल्वेत बसलेला असतो. पोचपावती म्हणजे परवानगी नव्हे. निर्णय हाती येईपर्यंत औषध सुरू करू नये.

अपवाद तातडीच्या उपचारांचा. दम्याचा झटका येऊन सिव्हिलमध्ये नेले आणि शिरेतून स्टेरॉइड द्यावे लागले, तर उपचार आधी आणि अर्ज नंतर, हाच क्रम नियमाला मान्य आहे. मात्र घरी परतल्यावर निवांत बसू नये. डिस्चार्ज कार्ड, दिलेल्या औषधांची नोंद आणि दाखल झाल्याची वेळ दाखवणारा कागद घेऊन लगेच पूर्वलक्षी टीयूईचा अर्ज करावा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा हिशेब वेगळा आहे. २०२२ पासून सांध्यातील इंजेक्शनसुद्धा स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. वाडाने शरीरातून औषध निघून जाण्याचे दिवस दिले आहेत : सांध्यात दिलेल्या बहुतेक औषधांना तीन दिवस, ट्रायमसिनोलोन आणि प्रेडनिसोलोन यांना दहा दिवस, तेच ट्रायमसिनोलोन स्नायूत दिले असेल तर साठ दिवस. हे दिवस शेवटच्या मात्रेपासून मोजावेत. स्पर्धाकाळ पंचांच्या शिट्टीने सुरू होत नाही, तो आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो, हे लक्षात न घेतल्याने एक अख्खा दिवस हातातून जातो.

मिळाल्यावर आणि नाकारल्यावर

मिळालेल्या टीयूईवर औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि मुदत लिहिलेली असते. मात्रा वाढली, गोळीचे इंजेक्शन झाले किंवा मुदत संपली की नवा अर्ज करावा लागतो. डेव्हिसची गोष्ट येथेच घडली. चाचणीच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्मवर गेल्या सात दिवसांतील औषधे लिहायची असतात, ती प्रामाणिकपणे लिहावीत, पण तेथे नाव लिहिले म्हणजे औषध मान्य झाले, असा समज काही प्रशिक्षकसुद्धा करून देतात, तो साफ चुकीचा आहे.

अर्ज नाकारला गेला तर निर्णयात कारण दिलेले असते. कारण अपुऱ्या पुराव्याचे असेल तर अपिलाची घाई करण्यापेक्षा तो पुरावा मिळवून पुन्हा अर्ज करणे बहुधा लवकर होते. कारण वैद्यकीय मतभेदाचे असेल तर राष्ट्रीय अपील पॅनेलकडे जावे. अपिलाची मुदत निर्णयपत्रातच पाहावी, क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नये. आणि मान्य झालेल्या टीयूईची एक प्रत किटबॅगेत व एक मोबाइलमध्ये ठेवून नमुना देताना ती अधिकाऱ्याला दाखवावी व तिचा उल्लेख फॉर्मवर करून घ्यावा.