अकरा वाजताचा प्रश्न : संसदेच्या रोजच्या कामकाजामागचा इतिहास

बडोद्यातल्या मराठी घरांत आमदाराचा विषय निघाला की बोलण्याच्या ओघात ‘धारासभ्य’ हा गुजराती शब्द सहज येऊन जातो. या शहराला धारासभा स्वातंत्र्याच्या फार आधीपासून माहीत होती, कारण सयाजीराव गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच आपल्या संस्थानात कायदेविषयक सल्ल्यासाठी ती नेमली होती. या शहराचा दिल्लीच्या संसदेशी असलेला संबंध मात्र त्याहून खोल आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे आणि कर्मभूमी अहमदाबादची. आज लोकसभेत सकाळी अकरापासून जे नेमाचे कामकाज चालते, त्याला वळण लावण्याचे श्रेय फार मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते.

हे कामकाज बातमीत क्वचितच येते. बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर हवे असते त्यावर तारांकन असते, आणि अशा प्रश्नांची दिवसाची यादी वीसची असते. लेखी उत्तराचे, म्हणजे अतारांकित, प्रश्न २३० पर्यंत असतात. तारांकित प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर छापण्याची प्रथा होती, अतारांकितांची पांढऱ्या आणि अल्पसूचना, म्हणजे तातडीच्या विषयावर कमी मुदतीत विचारलेल्या, प्रश्नांची फिकट गुलाबी कागदावर, त्यामुळे कोणता कागद हातात आहे हे सदस्याला मजकूर न वाचताही कळे. अध्यक्ष प्रश्नकर्त्याचे नाव पुकारतात, मंत्री उठून ‘निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे’ एवढेच म्हणतात, आणि खरी परीक्षा तिथून पुढे, उत्तरावर लगेच विचारल्या जाणाऱ्या पुरवणी प्रश्नांत, सुरू होते. छापील उत्तर खात्याने तयार केलेले असते. पुरवणी प्रश्नाला मात्र मंत्र्याला उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते. तास संपला की अहवाल, अधिसूचना आणि नियम पटलावर ठेवले जातात, समित्यांचे अहवाल सादर होतात आणि मग विधेयकांकडे वळता येते.

या क्रमातील प्रत्येक पायरी कोणीतरी कधीतरी मागून घेतलेली आहे. ब्रिटिश अमलात १८६१च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय विधान परिषदेत सदस्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. तो १८९२च्या कायद्याने मिळाला आणि १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधील भिंगा संस्थानच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. त्याचा विषय इथे मुद्दाम सांगावासा वाटतो. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीला शिधासामग्री पुरवण्याची जी पद्धत होती, तिच्यामुळे खेड्यातल्या दुकानदारांना सोसाव्या लागणाऱ्या त्रासाविषयी तो प्रश्न होता. साम्राज्याच्या सर्वोच्च परिषदेत भारतीयाने विचारलेला पहिला प्रश्न गावच्या वाण्याच्या अडचणीचा असावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण संसदीय प्रश्नाचे काम आजही नेमके तेच आहे. अर्थात त्या काळी मिळालेल्या उत्तरावर पुढे काही विचारता येत नसे. गोपाळ कृष्ण गोखले यांची १९०२पासूनची अंदाजपत्रकावरील गाजलेली भाषणे याच बंधनात झाली: बोलायला मुभा होती, पण अंदाजपत्रकावर मतदान नव्हते आणि उत्तराला प्रत्युत्तर नव्हते.

पुरवणी प्रश्नाचा अधिकार १९०९च्या सुधारणांनी दिला, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. पुढच्या टप्प्यावर तो सर्व सदस्यांना मिळाला, आणि १९२१मध्ये केंद्रीय विधानसभा अस्तित्वात आली तेव्हा तोंडी उत्तराच्या प्रश्नावर तारांकन करण्याची रीतही सुरू झाली. १९२५मध्ये विठ्ठलभाई पटेल या सभेचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. त्यांच्या आग्रहामुळे १९२९मध्ये सभेचे सचिवालय सरकारी खात्यापासून वेगळे झाले. रोजच्या कामकाजाच्या दृष्टीने ही घटना दिसते त्यापेक्षा मोठी आहे, कारण प्रश्न स्वीकारायचा की नाही हे ठरवणारा कारकून ज्या सरकारला प्रश्न विचारायचा त्याच सरकारच्या हाताखाली असेल, तर बाकीच्या नियमांना काही अर्थ उरत नाही.

मावळणकर या केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष झाले ते २४ जानेवारी १९४६ रोजी, सरकारी पाठिंब्याच्या कावसजी जहांगीर यांचा ६६ विरुद्ध ६३ असा अवघ्या तीन मतांनी पराभव करून. त्याआधी १९३७पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले होते. १५ मे १९५२ रोजी लोकसभेने त्यांना ३९४ विरुद्ध ५५ मतांनी अध्यक्ष निवडले, आणि मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे असे की त्यांच्याविरुद्ध उभे असलेले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरेही मराठीच होते. पहिल्या लोकसभेत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू होते, काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते आणि विरोधी बाके विरळ होती. अशा सभागृहात अध्यक्षाने सरकारला सोयीचे तेवढेच चालू दिले असते, तरी अडवणारे फारसे कोणी नव्हते. मावळणकरांनी तसे केले नाही, हे त्यांचे ऋण आहे.

त्यांच्या कारकिर्दीत कामकाज सल्लागार समिती १९५२मध्ये नेमली गेली आणि कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा हे ठरवण्यात विरोधकांनाही जागा मिळाली. संसदेने केलेल्या कायद्याखाली खाती जे नियम काढतात ते तपासणारी समिती १९५३मध्ये आली. पटलावर ठेवल्या जाणाऱ्या रुक्ष अधिसूचनांच्या गठ्ठ्याला अर्थ येतो तो या समितीमुळे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सरकारी आश्वासन समिती स्थापन झाली, आणि माझ्या मते रोजच्या कामकाजातील ही सर्वांत विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘ती पटलावर ठेवली जाईल’ ही वाक्ये सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्या कोणालाही ओळखीची आहेत. सभागृहात मंत्र्याने असे वाक्य उच्चारले की त्याची नोंद आश्वासन म्हणून होते, ते साधारण तीन महिन्यांत पूर्ण करावे अशी अपेक्षा असते आणि न केल्यास समिती खात्याला जाब विचारते. बडोद्याच्या खासदाराला एखाद्या उड्डाणपुलाविषयी ‘प्रस्ताव विचाराधीन’ असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर त्या दिवशी संपत नाही. काही आश्वासने वर्षानुवर्षे रेंगाळतात हे खरे, परंतु ती रेंगाळली आहेत हे कळते तेही या नोंदीमुळेच.

मावळणकर पदावर असतानाच २७ फेब्रुवारी १९५६ रोजी निवर्तले. त्यानंतर दीड वर्षात या नेमाच्या तासाची ताकद दिसून आली. १९५७मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतल्याविषयी लोकसभेत प्रश्न विचारला गेला. उत्तराने समाधान झाले नाही, म्हणून विषय पुन्हा निघाला, आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी सत्ताधारी बाकांवरूनच तो तपशिलासह मांडला. न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

बाकीची साधने याच मुख्य प्रवाहाला येऊन मिळालेली आहेत. ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव हा सरकारवरचा ठपका ठरतो, म्हणून तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना १९५४मध्ये आली. ती भारतीय संसदेची स्वतःची निर्मिती आहे. पूर्वसूचनेच्या ठरावीक मुदतीशिवाय तातडीचे विषय मांडण्याचा शून्य प्रहर साठच्या दशकाच्या आरंभी रुजला. प्रश्नोत्तरे संपून दुपारी बारा वाजता तो सुरू होत असे, त्यावरून हे नाव पडले, मात्र नियमांच्या पुस्तकात ते सापडत नाही. लोकसभेच्या नियम ३७७ खाली सदस्य आपल्या मतदारसंघाचा विषय अडीचशे शब्दांत मांडू शकतो. राज्यसभेने २०१४मध्ये आपला प्रश्नोत्तराचा तास दुपारी बाराला नेला, कारण सकाळचा तास गोंधळात वाया जात होता. वेळ बदलल्याने गोंधळ थांबला नाही.

प्रश्नोत्तराचा तास पूर्वीही बाजूला ठेवला गेला आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी तसे झाले आणि आणीबाणीत जुलै १९७५च्या अधिवेशनातही झाले. अगदी अलीकडे, १४ सप्टेंबर २०२० रोजी महासाथीत सुरू झालेल्या अधिवेशनात तो वगळण्यात आला, शून्य प्रहर अर्ध्या तासावर आणला गेला आणि अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. उत्तरे मिळत होती, त्यामुळे काही बिघडले नाही असे अनेकांना वाटले. परंतु त्या अधिवेशनात कोणत्याही मंत्र्याला पुरवणी प्रश्नासाठी उभे राहावे लागले नाही. म्हणजे प्रश्न विचारा, कागद घ्या आणि बसा, ही १९०९च्या आधीची स्थिती तेवढ्यापुरती परत आली होती. २०२१च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तारांकित प्रश्नांची यादी पुन्हा निघू लागली आणि पुरवणी प्रश्न परतले.