शेव्हरोले व्हेगा

जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने १९७१ ते १९७७ या मॉडेलवर्षांत विकलेली अमेरिकन सबकॉम्पॅक्ट, म्हणजे छोट्या आकाराची मोटार. नाव अभिजित ताऱ्याच्या पाश्चात्त्य नावावरून. फोक्सवॅगन बीटल आणि जपानी छोट्या गाड्यांना तोंड देण्यासाठी ती ओहायोतील लॉर्डस्टाउन कारखान्यात बांधली गेली. तिची स्पर्धक, फोर्डची पिंटोही, तिच्यासारखीच सप्टेंबर १९७० मध्ये बाजारात आली. व्हेगाची बदनामी तिच्या इंजिनाने आणि गंजाने केली. बांधणीच्या घाटाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नव्हते.

हा घाट चार प्रकारांत मिळे. चारही गाड्या दोन दारांच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि ९७ इंच व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर). वेगळी डिकी असलेली सेदान सर्वांत स्वस्त होती. हॅचबॅक कूपेचे छत इतरांपेक्षा ठेंगणे आणि मागे उतरते. मागची सीट आडवी केली की सामानाला ऐसपैस जागा होई. खपात तीच आघाडीवर राहिली. कॅमबॅक ही स्टेशन वॅगन. तिचाच चौथा अवतार म्हणजे मालवाहू पॅनेल एक्सप्रेस. तिच्या मागच्या बाजूंना काचांऐवजी पत्रा असे आणि मूळ किमतीत फक्त चालकाची सीट मिळे. शेजारच्या सीटचे पैसे वेगळे!

या बांधणीला रेल्वेनेही वळण दिले. गाड्या पश्चिम किनाऱ्यावर स्वस्तात पोचाव्यात म्हणून ‘व्हर्ट-ए-पॅक’ वाघिणी तयार झाल्या. त्यांत नाक खाली करून उभ्या टांगलेल्या ३० व्हेगा मावत. एरवीच्या वाघिणीत १८ मावत. असे टांगल्यावर तेल सिलिंडरमध्ये शिरू नये म्हणून इंजिनात आडपडदा घातला, बॅटरीची झाकणे मागच्या वरच्या कडेला नेली, तर काच धुण्याच्या पाण्याची बाटली ४५ अंशांत तिरकी बसवली.

इंजिन २.३ लिटरचे, चार सिलिंडरचे. त्याचा ब्लॉक सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा होता आणि सिलिंडरांच्या आत लोखंडी स्लीव्ह (अस्तराच्या नळ्या) नव्हत्या. सिलिंडर हेड मात्र बिडाचे. पाणी कमी पडून इंजिन तापले की सिलिंडर खराब होत आणि गाडी तेल पिऊ लागे. पुढच्या मडगार्डांचे आतले पडदे खर्च वाचवण्यासाठी वगळले होते, त्यामुळे तिथे चिखल साठून पत्रा गंजे. हे पडदे नंतर बसवले गेले आणि १९७६ मध्ये इंजिनाला ६०,००० मैलांची हमी मिळाली, पण तोवर नाव जायचे ते गेले होते. कारखान्यातही सगळे ठीक नव्हते. तासाला सुमारे शंभर गाड्या काढण्याच्या वेगाला कंटाळून कामगारांनी १९७२ मध्ये संप केला.

हॅचबॅकवरच १९७५-७६ मध्ये कॉसवर्थ या ब्रिटिश इंजिन कंपनीच्या नावाची कॉसवर्थ व्हेगा बेतली. १६ व्हॉल्व्हचे दोन लिटर इंजिन, इलेक्ट्रॉनिक फ्यूएल इंजेक्शन आणि डॅशबोर्डवर गाडीचा क्रमांक कोरलेली पट्टी हा तिचा थाट. किंमत साध्या व्हेगाच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे जेमतेम ३,५०८ गाड्या निघाल्या.

हलक्या, आटोपशीर बांधणीमुळे व्हेगा ड्रॅग शर्यतींत (सरळ, छोट्या अंतराच्या वेगाच्या शर्यती) मात्र लाडकी ठरली. मूळ इंजिन काढून शेव्हरोलेचेच व्ही-८ बसवणे हा तिथला रिवाज. ड्रॅग शर्यतपटू बिल जेन्किन्स यांनी १९७२ मध्ये अशाच व्हेगावर ‘प्रो स्टॉक’ या ड्रॅग शर्यतींच्या गटातील शर्यती जिंकल्या.